तुम्ही विचारलंत म्हणून : तेव्हा कुठे होते हे सगळे?

“आमच्या वेळी नव्हतं हो असं काही. आता घरटी एक निघतंय.”

समलैंगिक, ट्रान्सजेंडर माणसांबद्दलचं हे वाक्य मी भिशीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, निवृत्त शिक्षकांच्या सहलीत बसच्या मागच्या सीटवरून ऐकलंय. गेल्या गणपतीत तर आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात असताना ऐकलं. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच, माझ्या वयाच्या, मला चाळीस वर्षं ओळखणाऱ्या. सूर साधारण असा, की पावसाळ्यात एवढे डास कुठून आले. मग एकदम लक्षात येतं आपण कोणाशी बोलतोय, आणि घाईघाईने पुढचं वाक्य येतं, “तुमचं तसं नाही हो बाई, तुमचं वेगळं.” वेगळं म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही.

माझं काय ते तुम्हाला माहीत आहे, मी एका बाईबरोबर संसार करते; परत उगाळत नाही. प्रश्न तेवढा घेते. इतकी वर्षं माझं उत्तर तीन शब्दांचं होतं: “होते. सांगत नव्हते.” त्यावर तुम्ही मान हलवता, पण तुमचा विश्वास बसलेला नसतो. खरं सांगायचं तर अलीकडे माझाही पुरता बसत नाही. म्हणून हे लांबण.

गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा आकड्यांपासून सुरुवात करते. अमेरिकेत गॅलप नावाची संस्था आहे. ती फोन करून लोकांना विचारते, की तुम्ही स्वतःला गे, लेस्बियन, बायसेक्शुअल (म्हणजे पुरुष आणि स्त्री दोघांकडेही ओढ असणारे), ट्रान्सजेंडर यांपैकी काही म्हणवता का. २०१२ मध्ये ‘हो’ म्हणणारे ३.५ टक्के होते, २०२४ मध्ये ९.३ टक्के झाले. तेच पिढ्यांप्रमाणे पाहा. १९४६ च्या आधी जन्मलेल्यांत १.८ टक्के. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेल्यांत, म्हणजे तुमच्या-माझ्या पिढीत, ३ टक्के. आणि १९९७ ते २००६ मधल्यांत २३.१ टक्के. चारातल्या एकाला थोडंसंच कमी. तेव्हा तुमचं ‘घरटी एक’ अगदीच हवेतलं नाही, हे मी आधीच कबूल करून टाकते.

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लैंगिक कलाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तोही ऐच्छिक. सोळा ते चोवीस वयाच्या मुलांत जवळजवळ ७ टक्क्यांनी आपण गे, लेस्बियन, बाय किंवा तसं काही असल्याचं लिहिलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांत किती? ०.३७ टक्के. अठरापटीहून जास्त फरक. आता ही पंचाहत्तरीपुढची माणसं कोण? १९६७ पर्यंत तिकडे दोन पुरुषांचे संबंध म्हणजे तुरुंग होता, आणि ही माणसं तेव्हा विशीत किंवा त्यापुढे होती. त्यांना कोणी कागद पुढे केला तर पन्नास वर्षांची सवय एका खुणेत सुटणार आहे का? शिवाय १६ वर्षांवरच्या एकूण लोकांतल्या ७.५ टक्क्यांनी तो प्रश्न कोराच सोडला. गणिताच्या पेपरात कोरं उत्तर म्हणजे शून्य. इथे तसं धरता येत नाही, आणि मला त्या सात टक्के पोरांपेक्षा ह्या साडेसात टक्क्यांबद्दल जास्त कुतूहल आहे. ती माझी माणसं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबांच्या देशातलं, आपल्याकडचं बोला. बोलते. आपल्याकडच्या आकड्यात तर माझा हात आहे. उजवा हात, ज्याने मी लिहिते.

फेब्रुवारी २०११. जनगणनेची ड्यूटी तुमच्यातल्या निम्म्याजणींनी केलीये, त्यामुळे ती पिशवी, ते ओळखपत्र, शाळा सुटल्यावर चढायचे ते जिने, यांचं वर्णन नको. माझा गट लालबागला होता. तीन चाळी आणि एक नवा टॉवर. टॉवरवाल्यांनी वॉचमनकरवी निरोप पाठवला की रविवारी या. चाळवाल्यांनी आत बसवून पोहे दिले. त्या वर्षी फॉर्ममध्ये एक नवीन गोष्ट होती. लिंगाच्या रकान्यात पुरुष १ आणि स्त्री २ यांच्या पुढे पहिल्यांदाच ‘इतर’ ३ आला होता. प्रशिक्षणात साहेबांनी ते वाचलं तेव्हा वर्गात हशा पिकला. मीही हसले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी फार शहाणी झाले.

दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. बाई पोळीभाजीचे डबे करायच्या. विधवा, कुटुंबप्रमुख त्याच. खोलीत त्या, त्यांचे दीर आणि एकोणीस वर्षांचा मुलगा. दीर गॅलरीत रेडिओ लावून बसले होते. बाईंचा हात पोळपाटावरून सुटत नव्हता, मी खाली पाटावर बसून विचारत होते, त्या लाटता लाटता सांगत होत्या. मध्येच म्हणाल्या, “लेकरू माझं दोन महिने धड जेवत नाहीये बघा.” मी ‘हो का’ म्हटलं आणि लेकराचं नाव विचारलं. नाव लिहिलं. नातं, मुलगा. नातं ‘मुलगा’ लिहिल्यावर पुढचा रकाना कोणी विचारत बसत नाही. आपसूक लिहिला जातो.

तेवढ्यात पोटमाळ्याच्या शिडीवरून कोणीतरी उतरलं. सलवार-कुडता, मानेपर्यंत वाढवलेले केस, बोटांना लाल नेलपॉलिश, कडेकडेने खरवडलेलं. शिडीला धरून उभं राहून मला म्हणालं, “म्याडम, ह्या टायमाला तीन आहे ना? माझं तीन लिहा.”

पोळी लाटणं थांबलं नाही. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मुलगा लिहा. डोकं फिरलंय त्याचं. कामाला लागला की येईल ताळ्यावर.”

बघा, आपल्या भाषेला तिसरं लिंग आहे. ते लेकरू, ते पोर, ते मूल. इंग्रजीवाल्यांना हल्ली त्यासाठी केवढी खटपट करावी लागते, आपल्याला ते फुकट मिळालंय, आणि आपण ते एक तर लाडाला वापरतो नाही तर हिणवायला. त्या माउलीच्या तोंडी दोन मिनिटांपूर्वी ते लेकरू होतं. फॉर्मवर मात्र मुलगा हवा होता. मीसुद्धा वर ‘उतरलं’, ‘म्हणालं’ असं लिहून बसलेय. आता ‘ती’ लिहिते. तिने मागितलं होतं तीन. ‘ती’ लिहा असं ती मला म्हणाली नव्हती. तरी ‘तो’ लिहायचा हक्क मी त्या दिवशीच घालवला.

माझं पेन रकान्यावर होतं. नियम काय होता, माहिती कुटुंबप्रमुख देईल ती लिहायची, की सांगणारं माणूस समोर उभं असेल तर त्याचं ऐकायचं, यावर मी गेली कित्येक वर्षं स्वतःशी वकिली केलीये. दोन्ही बाजूंनी. नियमाकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि मी ते बऱ्याच ठिकाणी दाखवलंही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात नियम नव्हता. माझ्या डोक्यात त्या बाईचं मनगट होतं, लाटण्यावर दाब देणारं. माझी आई असंच करायची, माझ्या लग्नाचा विषय निघाला की. पोळी फाटेपर्यंत लाटायची. मला ती खोली सोडून लवकर खाली जायचं होतं. मी १ लिहिला. इंग्रजी एक, उभी रेघ. उलट्या बाजूने उभ्या असलेल्या माणसालाही वाचता येते.

“बरं,” ती म्हणाली. वर्गाबाहेर काढलेली मुलं म्हणतात तसं. आणि शिडी चढून वर गेली.

त्यानंतर मी काय केलं असेल? उठून गेले नाही. बसून राहिले. जन्मतारीख, मातृभाषा, शिक्षण, काम, कामाला जायचा प्रवास, सगळं विचारलं. फॉर्ममध्ये एकूण २९ प्रश्न. तिसऱ्यातच मी नापास झाले होते, उरलेले २६ नीटनेटके सोडवले. वर फळी करकरत होती. बाईंनी निघताना दोन पोळ्या कागदात बांधून दिल्या, आणि मी त्या घेतल्या. जिन्यात खाल्ल्यासुद्धा. भूक लागली होती.

१ ते ५ मार्च फेरतपासणी असते. पाचही दिवस माझ्या हातात होते. खाडाखोड करून, शेजारी सही करून तो आकडा बदलता आला असता. ३ मार्चला मी गेले, त्याच इराद्याने गेले. बाई जिन्यापाशी नळावर भेटल्या. मी म्हटलं, “मागच्या वेळेपासून कोणी जन्म, कोणी मृत्यू?” त्या म्हणाल्या, “नाही.” मी बरोबरची खूण केली आणि परत फिरले. विचारायचा प्रश्न मीच निवडला होता, हे तेव्हाही कळत होतं. पोटमाळ्याच्या खिडकीकडे मी बघितलं नाही. ते पोर तिथे होतं, की कोणा हिजडा गुरूकडे निघून गेलं होतं, मला माहीत नाही. नंतर ती चाळ रिकामी झाली, पुनर्विकासात गेली. आता तिथे दुसरा टॉवर आहे.

आता २०११ च्या त्याच जनगणनेतली दुसरी गोष्ट. माझ्या स्वतःच्या घरी प्रगणक आल्या, दुसऱ्या शाळेतल्या ओळखीच्या बाई. आम्ही दोघी तेव्हा अकरा वर्षं एकत्र राहत होतो. नातं काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी चहा ओतत होते. म्हटलं, “मावसबहीण.” ही आत कपड्यांच्या घड्या घालत होती. रात्री म्हणाली, “मावस तरी कशाला? सख्खीच सांगायचीस.” १९९१ च्या जनगणनेत ही विवाहित होती, नवऱ्याच्या घरी, मुलगा कडेवर. २००१ मध्ये घटस्फोटित. २०११ मध्ये माझी मावसबहीण. बाई तीच. आणि तुम्ही मला विचारता, तेव्हा कुठे होते सगळे! अहो, तुमच्याच यादीत होते. दुसऱ्या रकान्यात होते.

२०१४ मध्ये ‘इतर’चा आकडा जाहीर झाला. सगळ्या देशात ४,८७,८०३. महाराष्ट्रात ४०,८९१. उत्तर प्रदेशात १,३७,४६५. खोड म्हणून मी भागाकार केला. उत्तर प्रदेशात लाखाला ६९, आपल्याकडे लाखाला ३६. तिकडच्या हवेत काही वेगळं आहे? मला तसं वाटत नाही. मला वाटतं तिकडच्या काही जिन्यांत कोणीतरी धीराचं पेन घेऊन बसलं होतं. किंवा हिजड्यांच्या डेऱ्यांवर जाऊन मोजणी नीट झाली असेल. किंवा चुका जास्त झाल्या असतील. कारण त्या पावणेपाच लाखांहून जास्त लोकांत शून्य ते सहा वयाची ५४,८५४ मुलं आहेत, आणि चार वर्षांच्या पोराचं ‘तीन’ कोणी आणि कशावरून ठरवलं, हे कोडं मला सुटलेलं नाही. बाकीच्या तक्त्यांत तर ही सगळी मंडळी पुरुषांतच मिळवून टाकलेली. ते काही असो. ४,८७,८०३ हा आकडा कुठेही छापलेला दिसला की मी मनात एक मिळवते.

आणि या आकड्यांनी काय होतं, तेही ऐका. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत लागू केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते बाजूला सारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात एक मुद्दा असा होता, की असे लोक म्हणजे लोकसंख्येचा अगदी क्षुल्लक अंश, आणि दीडशे वर्षांत दोनशेसुद्धा खटले झालेले नाहीत. माणसं भीतीने लपतात, म्हणून थोडी दिसतात. आणि थोडी दिसतात म्हणून भीती तशीच राहू द्यायची. शाळेत असं गणित कोणी मांडलं असतं तर मी वही परत दिली असती. पण त्या दिवशी मला न्यायाधीशांचा राग आला त्याहून जास्त त्या उभ्या रेघेची आठवण आली. ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं, तेव्हा तुम्ही पेढे मागितलेत, मी दिले. ते पेढे मला गोड लागले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. लागले.

इथवर आलं म्हणजे ‘होते, सांगत नव्हते’ हे सिद्ध झालं, असं मी पूर्वी समजायचे. त्या काळात मी आणखी एक वाक्य ठोकून द्यायचे: “प्रत्येक समाजात दहा टक्के असतातच, निसर्गाचा हिशोबच तो.” हे दहा टक्के कुठून आले? किन्सी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९४८ च्या अहवालातून. त्यात म्हटलं होतं की १० टक्के पुरुष आयुष्यात किमान तीन वर्षं जवळजवळ पूर्णपणे समलैंगिक असतात. त्याने निवडलेली माणसं म्हणजे सगळ्या देशाचा नमुना नव्हता; तुरुंगातले कैदीही त्यात बरेच होते. आणि ‘तीन वर्षं’ हे तर मी सोयीने गाळूनच टाकलं होतं. मला एक गोल आकडा हवा होता, तो मिळाला. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याचा कान धरला असता.

‘जन्मतःच असतं’ हेही मी टेबल बडवून सांगितलंय. त्यात अजूनही तथ्य आहे असं मला वाटतं, पण टेबल बडवण्याइतकं सरळ नाही. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. असा एखादा ठरावीक जनुक नाही. बारीकसारीक परिणाम करणारे पुष्कळ, आणि ते सगळे मिळूनही कोणा एकाचं काही भाकीत करता येत नाही. आता दुसरी गंमत बघा. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं, की पुरुषाला जितके थोरले सख्खे भाऊ, तितकी तो समलैंगिक असण्याची शक्यता वाढते, दर भावामागे साधारण तिसऱ्या हिश्शाने. मूळ शक्यता लहान, म्हणून वाढूनही लहानच राहते, पण नंतर पुष्कळ ठिकाणी हे पडताळून पाहिलंय, पार सामोआ बेटांवरसुद्धा. म्हणजे बघा, ज्या काळात घरात सहा-सात भावंडं असायची, त्या काळात असे धाकटे भाऊ जास्तच असायला हवेत. ‘हम दो हमारे दो’ने ते कमी केले असतील. आमच्या वेळी नव्हतं म्हणणाऱ्या काकूंना मी एकदा हे ऐकवलं. काकूंचे मिस्टर पाच भावांतले धाकटे. पुढचे सहा महिने त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

सामोआवरून आठवलं. तिथे ‘फाअफाफिने’ म्हणून माणसं आहेत. जन्माने पुरुष, वावर बायकांसारखा, आणि गावाला त्याचं नवल नाही. तीच माणसं कॅनडात जन्मली असती तर त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतःला नुसतं गे म्हटलं असतं, असं तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. इतक्या लांब तरी कशाला जायचं? मुंबईतच एका सिग्नलला टाळी वाजवणारी हिजडा आहे, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला जोगता आहे, दिवसा बायकोपोरांत आणि संध्याकाळी मित्रांत ‘कोती’, म्हणजे बायकी वळणाचा, असणारा ऑफिसबॉय आहे, आणि टॅक्सीत बसलेला, स्वतःला ‘नॉन-बायनरी’, म्हणजे धड पुरुषही नाही नि स्त्रीही नाही, म्हणवणारा कॉलेजचा पोरगा आहे. यांतल्या दोघांना सर्वेक्षणवाल्याने एकच प्रश्न विचारला तर चुकीचीच उत्तरं येणार. तसं झालंयही. इंग्लंडच्या त्याच जनगणनेत लिंगभावाचा प्रश्न असा काही अवघड शब्दांत घातला, की ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशांची वस्ती जास्त असलेल्या लंडनच्या न्यूहॅम आणि ब्रेंट भागांत सगळ्यात जास्त ट्रान्सजेंडर निघाले! बिचाऱ्यांना प्रश्नच कळला नसावा. २०२४ मध्ये सरकारी आकडेखात्याने त्या आकड्यांचा दर्जा स्वतःच खाली आणला. पेपर काढणाऱ्याने प्रश्न वाईट काढला की तपासणाऱ्याने काय करायचं?

आता माझ्या भाचीकडे येते, कारण तुमचा प्रश्न खरं तर तिच्याबद्दल असतो. ती बावीसची. ठाण्याला राहते. आधी बाय म्हणाली, मग पॅन म्हणाली, म्हणजे ओढ वाटायला समोरच्याचं लिंग आड येत नाही, हल्ली नुसतं क्वीअर म्हणते, म्हणजे चाकोरीबाहेरची, एवढंच. तिच्या आईने मला फोन केला, “ताई, हे तुमचं बघून तर नाही ना?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौतीस वर्षं मी काही दिसू दिलं नाही, आणि आता बघून झालं? पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, तेही सांगते. भाचीचं मला खरं वाटत नव्हतं. तिचा मित्रही आहे. मला वाटलं, हिला काय पडलंय, ही आमच्या जखमेवर बसून सेल्फी काढतेय. गॅलपच्या त्या २३ टक्क्यांतही निम्म्याहून जास्त बायसेक्शुअलच आहेत, म्हणजे तिच्यासारखी. ‘लपलेले बाहेर आले’ एवढ्याने हे भागत नाही. माझ्या पिढीत जी बाई पुरुषाबरोबर सुखाने नांदू शकत होती, तिने दुसऱ्या ओढीला नाव द्यायचं कारणच नव्हतं. नाव नव्हतं, म्हणून तिने ती ओढ ओळखलीही नसेल. मैत्रीण सासरी गेल्यावर आठवडाभर ताप आला, बस. तिला लपलेली म्हणायचं का? ती कोणापासून लपली होती? शब्द हाताशी आला की माणूस स्वतःकडे वेगळं बघतो, आणि तसं बघितलं की पुढचं आयुष्यही थोडं वेगळं घडत असणार. मग ‘फॅशन आहे’ म्हणणाऱ्या तुमच्यात आणि माझ्यात फरक किती उरला? फरक आहे. मला तो मांडता येत नाही, एवढंच. फॅशनला कोणी घराबाहेर काढत नाही, हे एक उत्तर सुचतं. पण भाचीला कोणी काढलेलं नाही, आणि काढायला हवं होतं असं तर मला मुळीच म्हणायचं नाही.

मला तिचा हेवा वाटतो, हे त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं. १९८८ मध्ये भोपाळच्या दोन महिला पोलीस शिपायांनी आपसांत लग्न केल्याची बातमी पेपरात आली होती. लीला आणि ऊर्मिला. नोकरी गेली दोघींची. मी पंचवीस वर्षांची होते. स्टाफरूममध्ये कोणीतरी ती मोठ्याने वाचली आणि मी वह्या तपासत राहिले. त्या दिवशीच्या सगळ्या वह्यांवर मी बरोबरच्या खुणा केल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी एका मुलीनेच दाखवून दिलं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, तू तेव्हा काही बोलली का नाहीस?” काय सांगणार? तिला तो प्रश्न पडतो, हेच तिचं वय.

तर, कुठे होते? तुमच्या दादरच्या क्वार्टर्समधल्या त्या दोन नर्सेस, ज्यांना सगळे जोडगोळी म्हणायचे, त्या होत्या. लग्न न करता भावाच्या संसारात पोळ्या लाटणाऱ्या आत्या होत्या. सगळ्या नव्हे, काही. आणि खूपजणी खरोखरच नव्हत्या, म्हणजे ज्या आज असत्या तर असं काही म्हणाल्या असत्या, पण तेव्हा नव्हत्या. हे तिसरं मी पहिल्यांदाच कबूल करतेय, आणि ते तुम्ही माझ्याविरुद्ध वापराल याची मला खात्री आहे.

पुढची जनगणना २०२७ ची. फेब्रुवारीत घरी येतील. या वेळी मी ठरवलंय, नातं विचारलं की ‘जोडीदार’ सांगायचं. फॉर्मात कुठे बसवायचं ते त्यांनी बघावं. परवा जेवताना हे बोलले. ही म्हणाली, “माझ्या मुलाच्या सासरची माणसं नाशकात आहेत, त्यांना उद्या कळलं तर तू उत्तरं देणार आहेस का?” मी म्हटलं, जनगणनेची माहिती गुप्त असते. ती म्हणाली, “तूच गेलीस ना घरोघरी? किती गुप्त ठेवलंस?” खरं होतं. चाळीतली ती गोष्ट मी आजवर निदान दहाजणींना सांगितलीये, आता तुम्हालाही सांगितली.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. ताट उचलताना म्हणाली, “तुझ्या त्या एका आकड्याचं प्रायश्चित्त माझ्या नावावर नको घेऊस. आणि बेल वाजली की दार मी उघडते.”

तेही खरंच. माझे गुडघे गेलेत.